पॅसेजचा कोपरा आणि शंभर टक्के सह्या

कोथरूडकर:
आमची इमारत सोसायटी नाही, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची आहे. वरच्या मजल्यावरच्या एका मालकाला पॅसेजचा टोकाचा कोपरा फ्लॅटमध्ये घ्यायचा आहे. बदल्यात तेवढीच जागा तो मीटर रूमला देतोय. पण डीड ऑफ डिक्लरेशनमधला (इमारतीतले फ्लॅट, सामाईक जागा आणि हिस्से नमूद करणारा नोंदणीकृत दस्त) प्रत्येकाचा सामाईक हिस्सा बदलायचा तर सगळ्या मालकांची संमती हवी आणि दुरुस्त डीडची नोंदणीही. परदेशातले एक मालक मेलला उत्तरच देत नाहीत, म्हणून सगळं अडलंय.
माझं मत : अशा किरकोळ अदलाबदलीला आर्किटेक्टचा दाखला आणि ७५ टक्के मतं पुरावीत. सोसायटीची अख्खी इमारत ५१ टक्क्यांत पाडता येते, मग भिंत सरकवायला शंभर टक्के कशाला?

माजी चेअरमन:
५१ टक्क्यांचा २०१९ चा शासन निर्णय सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी आहे. तो इथे लावू नका. अपार्टमेंटमध्ये त्या कोपऱ्यात माझाही हिस्सा आहे. तो मला न विचारता बहुमताने कसा देऊन टाकणार? आणि 'किरकोळ' कोण ठरवणार? आमच्याकडे आधी चपलांचं कपाट आलं, मग ग्रिल, मग दार. प्रत्येक वेळी "एवढंसंच तर आहे" हेच ऐकलं.

ऑकलंडवासी:
न्यूझीलंडमध्ये अशा फ्लॅटमालकीला (फ्लॅट स्वतःचा, बाकी जागेत हिस्सा) युनिट टायटल म्हणतात. १९७२ च्या कायद्यात महत्त्वाच्या गोष्टींना एकमत लागायचं आणि एकाच्या हट्टापायी कामं रखडायची. २०१० च्या कायद्याने विशेष ठरावाला ७५ टक्के पुरेसे केले. मालकीचा हिस्सा आणि खर्च वाटून घ्यायचा हिस्सा असे दोन वेगळे आकडेही ठेवले. ठरावीक ठरावांवर, विरोधात मत दिलेल्याला कोर्टात आक्षेप घेता येतो. आक्षेपाची ही सोय नसती तर मीही चेअरमनसाहेबांच्या बाजूने असतो.

माजी चेअरमन:
म्हणजे मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या आणि जागा घेणाऱ्याने निवांत इंटेरियर करायचं! आज निदान तो माझ्या दारात सही मागायला तरी येतो.

कोथरूडकर:
दारात येतो हे खरं, पण जे दारच उघडत नाहीत त्यांचं काय? रीतसर नोटीस देऊन ठरावीक मुदतीत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरावं, एवढंच म्हणतोय.

सातारकर काकू:
मतं मोजणार कशी, तेही सांगा. बिल्डरकडे न विकलेले सहा फ्लॅट असतील तर त्याची सहा मतं? मंजूर नकाशात मोठा बदल करायला रेरात (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) दोन तृतीयांश ग्राहकांची संमती लागते, पण एका कुटुंबाने कितीही फ्लॅट घेतले तरी मत एकच. इथेही तसंच हवं, नाहीतर तुमचे ७५ टक्के एकाच माणसाच्या खिशात.
आणि हो, सगळ्यांच्या सह्या झाल्या तरी महापालिकेचा मंजूर नकाशा तसाच राहतो. त्या कोपऱ्यात फायर डक्ट (आग विझवण्याच्या पाइपांची उभी पोकळी) असेल तर विषयच संपला. मुळात डीडमध्ये ती जागा 'कॉमन' (सगळ्यांची) आहे की 'लिमिटेड कॉमन' (ठरावीक फ्लॅटांपुरती), ते कुणी बघितलंय का?

कोथरूडकर:
डीडची प्रत सेक्रेटरींकडे मागितली आहे. मिळाली की ते पान इथे टाकतो.