सी.ए. आणि एआयचे ऑडिट
सी.ए. करणाऱ्याने एआय ऑडिटकडे, म्हणजे एआयचे निर्णय तपासण्याच्या कामाकडे, वळावे, की ते केवळ प्रोग्रामरचे काम आहे, या प्रश्नावर थोडी भर घालतो. मुंबईच्या बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) वित्तसंस्थांचे काम करताना दिसते ते असे, की कर्ज द्यायचे की नाही हे ठरवणारे एआय मॉडेल तपासायला बसल्यावर बराच वेळ ते कोणी मंजूर केले, कोणत्या डेटावर शिकवले आणि शेवटचे कधी बदलले याचे पुरावे मागण्यातच जातो. नाकारलेल्या अर्जांचे पिनकोडनिहाय प्रमाण मांडले, की जात वा धर्माचा रकाना मॉडेलमध्ये नसतानाही वस्तीच्या आडून भेदभाव शिरला असल्याची शंका कुठे घ्यावी, ते कळते. आणि नमुना तपासणी सी.ए.ला नवी नाही. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून नोकरभरतीच्या स्वयंचलित साधनांसाठी स्वतंत्र बायस ऑडिटची (भेदभावाच्या तपासणीची) अंमलबजावणी होते, पण तिथले गणित लिंग आणि वंश यांवर बेतलेले असल्याने ती पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी उचलणे मला पटत नाही. डिसेंबर २०२३ मधले आयएसओ ४२००१ हे एआयसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीपुरते आहे. त्याचे प्रमाणपत्र म्हणजे मॉडेलच्या अचूकतेची हमी नाही (विक्रेते हे सोयीने विसरतात). पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र शिकावीच, निदान समोरच्याने दिलेला निकाल स्वतः पुन्हा काढून पाहता येईल इतपत.