'मिशनरी' हा शब्द मराठीत तसाच ठेवावा का?

दुभाषी:
माझी आत्या ठाण्याहून इस्राएलला गेली आणि लोद शहरात स्थायिक झाली. तिच्या मुलीने हिब्रूत लिहून घेतलेल्या तिच्या आठवणी मी सध्या मराठीत आणत आहे. एके संध्याकाळी दोन मृदुभाषी माणसे तिच्या दारी आली, त्यांनी सुरेख बांधणीचा एक हिब्रू ग्रंथ भेट म्हणून दिला आणि पुन्हा येतो असे सांगून ती निघून गेली. आत्याने ग्रंथ उजवीकडून उघडला आणि ती चाळत गेली. 'दिव्रे हायामिम' हे इतिहासाचे शेवटचे पुस्तक आले, म्हणजे आपला तनाख, ज्यूंचा पवित्र ग्रंथ, इथे संपायला हवा होता. परंतु बोटांखाली अजून अंगठाभर जाडीची पाने शिल्लक होती आणि त्यांच्या आरंभी 'ब्रीत हदाशा', म्हणजे नवा करार, असे छापलेले होते. यानंतर तिचे एकच वाक्य आहे, 'ते मिसियोनेर होते.' मी 'ते मिशनरी होते' असे लिहिले, तेव्हा एका जाणकार वाचकाने 'मग त्यात बिघडले काय?' असा प्रश्न केला. हिब्रूत हा शब्द जवळजवळ शिवीसारखा उच्चारला जातो. आपल्याकडे मात्र निवृत्त मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभात 'सरांनी मिशनरी वृत्तीने काम केले' असे म्हटले जाते. काय करावे?

कोशवाचक:
'धर्मप्रसारक' हा निर्दोष मराठी शब्द उपलब्ध असताना आपण परक्या शब्दाच्या छटांची चिंता का करीत बसतो, हे मला कधीच कळलेले नाही.

दुभाषी:
तो निर्दोष आहे, हीच अडचण आहे. उघडपणे आपला धर्म सांगणारा तो धर्मप्रसारक. आत्याला राग आला तो ख्रिस्ती धर्माचा नव्हे, तर आपल्याच ग्रंथाच्या बांधणीत दुसरा ग्रंथ शिवून आणल्याचा.

शनवार तेली:
(टोपणनाव मुद्दाम घेतले आहे, कोकणात आमच्या तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या पूर्वजांना हेच म्हणत.) मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आहे आणि माझ्या आजीच्या तोंडी 'मिशन' हा शब्द प्रेमाचा होता, कारण ती मिशनच्या शाळेत शिकली होती. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत आली आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत छापले. हेतू अर्थातच आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता. आमच्या पूर्वजांनी व्याकरण उचलले आणि बाप्तिस्मा, थोडे अपवाद वगळता, तिथेच ठेवला. तेव्हा लोदमधल्या आत्याचा मिसियोनेर आणि अलिबागकडच्या माझ्या आजीचे मिशन हे एकच मानावे का, याचा आधी निर्णय करा. युरोपातील ज्यूंच्या स्मृतीत या शब्दामागे सक्तीचे बाप्तिस्मे आणि हद्दपारी आहे; आमच्या स्मृतीत पाटी, पेन्सिल आणि शाळेची घंटा आहे. आत्याने तिकडे गेल्यावर तिथला राग शिकून घेतला, असे माझे मत आहे.

घाटावरची:
मग सरळ 'बाटवणारे' लिहावे. मराठी वाचकाला लगेच कळेल. 'बाट' हे 'भ्रष्ट'चेच झिजलेले रूप असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

कोशवाचक:
वाटण्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. 'बाटणे' म्हणजे विटाळ होणे आणि त्यापायी जात गमावणे. विहिरीत पाव टाकला आणि पाणी पिणारे सगळे बाटले, या कथा त्याच समजुतीतल्या आहेत.

शनवार तेली:
म्हणूनच तो शब्द इथे बसत नाही. तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या मताप्रमाणे पाप केलेला इस्राएल हाही इस्राएलच असतो, म्हणजे धर्म सोडला तरी ज्यूपण सुटत नाही. हिब्रूत अशा माणसाला 'मेशुम्माद' म्हणतात आणि त्याचे मूळ 'नाश करणे' या धातूत आहे. त्या शब्दात विटाळाची कल्पना नाही, विनाशाची आहे. इस्राएलमध्ये धर्मांतरासाठी पैसा किंवा अन्य लाभ देऊ करणे १९७७च्या कायद्याने गुन्हा ठरले. नुसता प्रचार मात्र गुन्हा नाही.

घाटावरची:
आत्याकडे आलेली माणसे स्वतःला काय म्हणवत होती, हे पाहिले तर मार्ग निघेल, असे वाटते.

दुभाषी:
'मेशिहियिम', म्हणजे येशूलाच मसीहा मानणारे ज्यू. हिब्रूत ख्रिस्ती माणसाला 'नोत्स्री' म्हणतात आणि तो शब्द ही मंडळी स्वतःपुरता कटाक्षाने टाळतात. गंमत अशी की 'ख्रिस्त' हे 'माशियाह', म्हणजे अभिषिक्त, याचेच ग्रीक भाषांतर असल्यामुळे 'मसीहावादी' आणि 'ख्रिस्ती' हे अर्थाने एकच ठरतात. त्यांनी फक्त ग्रीक काढून हिब्रू घातले. तसेच ते 'येशुआ' म्हणतात, तर सामान्य हिब्रू बोलणारा ज्यू 'येशू' म्हणतो.

कोशवाचक:
म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत जे रूप वापरतो, तेच रूप ज्यू माणूस दूर राखण्यासाठी वापरतो? मग तुम्ही भाषांतरात 'येशुआ' ठेवलेच पाहिजे. नाहीतर आलेल्या पाहुण्यांची ओळखच पुसली जाईल.

शनवार तेली:
'येशुआ' ठेवले, तर मराठी वाचकाला तो निराळाच कोणी वाटेल आणि पाहुण्यांना नेमके तेच हवे असते. मी तरी ठेवणार नाही. पण आत्याने त्या ग्रंथाचे पुढे काय केले?

दुभाषी:
देवाचे नाव असलेली पाने फेकता येत नाहीत आणि मागचा भाग तिला घरात नको होता. तिने भाजी चिरण्याच्या सुरीने शिवण उसवून ग्रंथाचे दोन भाग केले, तनाखाचा भाग सिनेगॉगमधील 'गनिझा'च्या, म्हणजे वापरातून गेलेली पवित्र पाने जपून ठेवण्याच्या, पेटीत नेऊन ठेवला आणि दुसऱ्या भागाबद्दल आठवणींत एक अक्षरही लिहिलेले नाही. आता माझ्यापुढे नवीच पंचाईत आहे. 'गनिझा'साठी 'विसर्जन' हा शब्द चालेल का?

कोशवाचक:
मुळीच चालणार नाही. विसर्जन पाण्यात होते. ही पाने जमिनीत पुरतात.