टॉलरन्सला मराठीत काय म्हणायचं?

आमच्या आत्याला आमवात आहे, ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते तो. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नाहीत, चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरते. ऑक्टोबर २०२५ मध्ये वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं तेव्हा तिचाच फोन आला, "माझ्या दुखण्याशी संबंध आहे म्हणतात, वाचून दाखव गं." वाचलं. शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाऊ, फ्रेड रॅम्सडेल. 'परिघीय रोगप्रतिकारक सहनशीलते'च्या शोधासाठी. सहनशीलता म्हणजे इंग्रजीतला टॉलरन्स: प्रतिकारयंत्रणा आपल्याच अवयवांवर हल्ला करत नाही, ते. आत्या क्षणभर गप्प. मग म्हणाली, "सहनशीलतेला नोबेल देतात होय? मग माझा नंबर कसा हुकला?"

हसलो दोघी, पण शब्द खुपत राहिला. सहन करणाऱ्याला त्रास होत असतो, हे त्या क्रियापदातच आहे. टाकीचे घाव सोसतो तो दगड. सून सहन करते, शेजारी सहन करतात. शरीर मात्र स्वतःच्या सांध्यांना, स्वादुपिंडाला, कातडीला 'सहन' करत नसतं. तिथे कुरकूरच नसते. उलट शरीराचा हा टॉलरन्स मोडला की माणसाचं सोसणं सुरू होतं. म्हणजे आपला शब्द नेमका उलट्या बाजूला जाऊन बसलाय.

'सहिष्णुता' म्हणावं तर ती अग्रलेखात आणि सर्वधर्म परिषदेत राहते. एका रुग्णगटासाठी मी पानभर माहिती लिहितेय, वाचणारे आत्यासारखेच. शब्द सुचवा.

*

लॅटिनमध्ये तरी वेगळं कुठे आहे? तिथलं मूळ क्रियापद भार वाहणं, सोसणं याच अर्थाचं. इंग्रजीने तोच शब्द ताणून वापरला आणि कुणाला खुपलं नाही. आपल्यालाच का खुपावं? सहनशीलता रुळू द्या की.

*

आम्ही वर्कशॉपवाले. ड्रॉइंगवर शाफ्टचं माप २५, पुढे प्लस-मायनस ०.०२. याला टॉलरन्सच म्हणतो, मराठी शब्द आजवर कुणी वापरलेला ऐकला नाही. पण अर्थ विचाराल तर 'एवढं चालवून घ्यायचं', हद्द ठरलेली. त्याबाहेर गेलं की पीस भंगारात. यात सोसणं कुठेच नाही, म्हणून ताईंचा मुद्दा मला पटला.

*

आमच्याकडे कोकणात याला साधा शब्द आहे: मानवणे. मुंबईचं पाणी मानवलं नाही, गोळी मानवली, माहेरची हवा मानवते. सोसणं नाही, क्षमा करणं नाही, अंगाला बरं वाटणं. स्वतःचं शरीर स्वतःला मानवतं, आणि आत्याबाईंना त्यांचे सांधे मानवेनासे झालेत. बघा लागतंय का.

*

मानवणे फार सुंदर. तरी पॅथॉलॉजीत आयुष्य गेल्यामुळे एक फाटा फोडतो, कारण साकागुचींनी जे दाखवलं ते नुसत्या मानवण्याच्या पुढचं आहे.

टी पेशी म्हणजे प्रतिकाराचं काम करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी; त्यातला 'टी' थायमसचा. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी वयात आल्यावर आक्रसत जाते, म्हणून जुन्या मराठी लिखाणात तिचं नाव यौवनलोपी ग्रंथी. (शब्दचर्चा आहे म्हणून सांगितलं, मला हे नाव अजून आवडतं.) तिथे टी पेशींची छाननी होते, आणि ती वर्कशॉपवाल्या काकांच्या मापासारखीच आहे: शरीराच्या स्वतःच्या खुणांना अजिबात न चिकटणारी पेशी बाद, फार घट्ट चिकटणारीही बाद, मधल्या पास. बराच काळ समज असा होता की टॉलरन्स म्हणजे मुख्यतः ही छाननी.

पण छाननीतून काही सुटतातच. जपानमध्येच आधी एक विचित्र प्रयोग झाला होता: जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लाचा थायमस काढला. वाटेल की प्रतिकार दुबळा पडेल. झालं उलटं, टी पेशी बेभान झाल्या आणि स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडल्या. नागोयात काम करताना साकागुचींनी अशा पिल्लांना त्यांच्याच वाणाच्या धडधाकट उंदरांच्या टी पेशी टोचल्या, आणि दुखणं टळलं. म्हणजे टी पेशींमध्येच काही अशा होत्या ज्या बाकीच्यांना धरून ठेवत होत्या. त्या नेमक्या कोणत्या हे सांगायला त्यांना दशकाहून जास्त काळ लागला. १९९५ मध्ये त्यांनी ओळखीची खूण दिली: अंगावर सीडी-४ आणि सीडी-२५ ही दोन्ही प्रथिनं बाळगणाऱ्या.

एवढा वेळ लागला त्यात एका शब्दाचाही हात आहे. १९७०च्या दशकात 'सप्रेसर' टी पेशींचा मोठा बोलबाला होता, दडपणाऱ्या पेशी. पुढे त्या कल्पनेचा आधार मानलेला जनुकाचा भाग जागेवर सापडलाच नाही, आणि तो शब्द इतका बदनाम झाला की उच्चारला की लोक भुवया उंचावत. या पेशी पुढे 'रेग्युलेटरी' या नावाने रूढ झाल्या. कल्पना बरीचशी तीच, पाटी नवी.

*

डॉक्टर, मग रेग्युलेटरीला 'नियामक' लिहायचं ना? पुस्तकी आहे, पण अर्थ बरोबर.

*

नियामक म्हटलं की मला वीज नियामक आयोग दिसतो. दरवाढीची सुनावणी, तारीख पुढे ढकलली.

'आवर' घ्या. पोरांना आवर, जिभेला आवर घाल, राग आवरला. आवरपेशी. दडपत नाहीत, मारत नाहीत, आवरतात.

*

"आवर लवकर, बस चुकेल" हेही आवरणंच की. आवरपेशी म्हणजे सकाळी डबे भरणाऱ्या पेशी. पण आवडला शब्द.

*

ओसाकात राहते, जपानी-मराठी भाषांतर करते, म्हणून थोडी भर. साकागुची ओसाका विद्यापीठातले, तेव्हा त्यांच्या भाषेत काय म्हणतात पाहा. प्रतिकारशक्तीला 'मेन्एकि': पहिलं अक्षर सूट मिळण्याचं, दुसरं साथीच्या रोगाचं. साथीतून सूट. इंग्रजी 'इम्युनिटी'च्या लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थही कर किंवा सक्तीच्या कामातून सूट असाच आहे. यात 'शक्ती' कुठेच नाही. ती आपण जोडली, आणि मग ती 'वाढवण्याचे' काढे करोनात घरोघरी उकळले. टॉलरन्सला 'कान्यो', म्हणजे मनाचा मोठेपणा. जपानीही आत्याबाईंसमोर नापासच.

*

शक्तीचा मुद्दा महत्त्वाचा. आमवाताच्या माणसाला शेजारी हमखास सांगतात, "तुमची प्रतिकारशक्ती कमी झालीय, च्यवनप्राश घ्या." कमी नाही हो, आवर सुटलाय.

ब्रंकाऊ-रॅम्सडेल राहिलेच. १९४०च्या दशकात अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत खपल्यांच्या कातडीचे काही नर उंदीर आपोआप उपजले. नाव पडलं 'स्कर्फी'. स्कर्फ म्हणजे कोंडा, म्हणजे हे कोंडाळलेले उंदीर. जेमतेम काही आठवडे जगत. या दोघांनी दोष शोधत शोधत जागा वीस जनुकांपर्यंत आवळत आणली, एकेक तपासलं, आणि सापडलं ते विसावं. २००१ मध्ये त्याला फॉक्सपी-३ नाव दिलं; माणसाच्या मुलग्यांमधला आयपेक्स हा गंभीर आजारही त्याच जनुकातल्या बिघाडाने होतो हे दाखवलं. दोन वर्षांनी साकागुचींनी जोड लावली की आवरपेशी घडवणारं जनुक हेच.

*

आणि 'परिघीय'? परिघावरचं म्हणजे दुय्यम, कडेचं असं वाटतं.

*

बरोबर. अर्थ फक्त एवढाच की थायमसच्या बाहेर: रक्तात, लसिकाग्रंथींत, आतड्यात, सांध्यात. 'थायमसबाहेरचं' असंच लिहा.

*

धागा काढणारी परत हजर. सगळ्यांचे आभार. कुणीतरी व्यक्तिगत निरोपात 'कुंपणानेच शेत खाल्लं' सुचवलंय. मोह झाला, पण सोडलं. त्या म्हणीत कुंपणाची बदमाशी आहे. इथे पेशीला वाटतं ती शत्रूलाच मारतेय.

आत्याला मसुदा वाचून दाखवला: "आपलं अंग आपल्याला मानवतं, कारण थायमसबाहेर आवरपेशी पहारा देतात. त्या कमी पडल्या की बाकीच्या टी पेशी सांध्यावर उठतात." ती म्हणाली, "हे कळलं." मग, "आवरपेशींचं इंजेक्शन आलंय का?" प्रयोग चालू आहेत, रोजच्या औषधात अजून नाही, असं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि कप उचलला, दोन्ही तळव्यांत.

आता एकच अडचण. मानवणेचं नाम काय करू? 'मानवणूक' कानाला टोचतं, 'मानवता' तर भलतीकडेच जाते.

*

नाम लागतंच कशाला?

*

शीर्षकात लागतं ना.

*

"आपलं शरीर आपल्याला मानवतं कसं?" हे शीर्षकच आहे, ताई.