दुकानदाराची मदत: जर्सी की मैदान?

प्रश्न: न्यू जर्सीतल्या आमच्या लिटल लीगला, म्हणजे मुलांच्या बेसबॉल संघटनेला, गावातले एक दुकानदार मदत द्यायला तयार आहेत. पैसे कशावर घालावेत? पिचर (चेंडू टाकणारा) उभा राहतो तो मातीचा उंचवटा सारखा उखडतो.

उत्तर १: खेळाडूंच्या जर्सीवर पुरस्कर्त्याचं नाव घालायची प्रथा जुनीच. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला लिटल लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या तीन संघांना लंडी लंबर, लायकमिंग डेअरी आणि जम्बो प्रेट्झेल ही पुरस्कर्त्यांचीच नावं होती. पण जर्सी विटते. आधी उंचवटा बघा.

उत्तर २: उंची ६ इंच, पिचरच्या पायाखालच्या रबरी पट्टीपासून फलंदाजाजवळच्या होमप्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ४६ फूट. इनफिल्डची (बेसच्या आसपासच्या आतल्या मैदानाची) माती इथे चालत नाही. तिच्यात वाळू जास्त, पिचरचा पाय पडतो तिथे लगेच खड्डा. चिकणमाती आणा. जुना थर खरवडून ओला करा, मग इंचभर माती टाकून धुमसाने ठोका. न खरवडता टाकलीत तर पापुद्रा सुटणारच. खेळ संपला की खड्डे बुजवून ताडपत्री घाला. चिकणमाती वाळली की तडकते.

उत्तर ३: आणि डबकं झाडूने गवतात ढकलू नका हो! माती कडेला साचून वरंबा होतो, पाणी अडतं, चेंडू उसळून पोरांच्या तोंडावर येतो. स्पंजने टिपा. दुकानदारांकडून ताडपत्रीच मागा, नाव तिच्यावर छापा.