प्लगमध्ये लावण्याआधी

भुसावळला भंगारात मिळालेला व्हॉल्व्ह रेडिओ (काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना सेट) थेट प्लगमध्ये लावून बघणार, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, तेवढं करू नका! तीसेक वर्षं बंद सेटमधल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा (वीज साठवून पुरवठा सपाट ठेवणाऱ्या डबीचा) आतला ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असतो. कंडेन्सर शॉर्ट झाला की रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) जातो, कधी मेन ट्रान्सफॉर्मरही. आधी ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब (एलईडी नाही) सिरीजमध्ये, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या मेनच्या एका तारेत मधेच लावा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भकभकीत राहिला तर लगेच बंद.

दुसरा चोर म्हणजे ईएल८४च्या (स्पीकरला आवाज देणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे त्याचा करंट आवरणाऱ्या जाळीला, जाणारा कपलिंग कंडेन्सर. जुना कागदी असेल तर न तपासता बदला, ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा. त्यातून करंट गळतो, ग्रिड पॉझिटिव्ह होते, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. माझा असाच गेला. धूर बघून आजी ओट्यावरून ओरडली, "काय व्हयनं रे?"

व्हॉल्व्हचे नंबर 'यू'ने सुरू होत असतील, यूसीएच, यूएल वगैरे, तर चॅसिसमध्येच (सेटच्या पत्र्याच्या सांगाड्यात) मेनचा करंट असू शकतो. हात लावू नका.

एरियलसाठी धाब्यावरून (घराच्या सपाट छतावरून) निंबाच्या झाडापर्यंत दहा-बारा मीटर तांब्याची तार पुरते. शॉर्टवेव्हचा ३१ मीटर बँड अंधार पडल्यावर लावा. आणि मे महिन्यात माळ्यावर सेट ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात कॉइलवरचं मेणसुद्धा पाझरतं.