भूकंपानंतर घर कोणी बांधायचं: देणगीदारानं की राहणाऱ्यानं?

कोरडवाहू
सकाळपासून एक पोस्ट फिरतेय: "भूकंपग्रस्तांना रोख पैसे देऊ नका, ते दारूत जातात. संस्थांनी पक्की घरं बांधून किल्ल्या हातात द्याव्यात." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूरकडच्या किल्लारी भागातली ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. माझ्या मामाचं गाव त्यातलंच. रस्ते असे रुंद की समोरच्या दारात कोण बसलंय ते ओळखू येत नाही. भावकी गावाच्या दोन टोकांना गेली. बैल कुठं बांधायचे, कडबा कुठं रचायचा, हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. मामीनं पहिल्याच पावसाळ्यात चूल बाहेर पत्र्याच्या आडोशाला नेली, कारण आत धुराला वाट नव्हती. दात्यांच्या नावाची पाटी मात्र वेशीवर आली.

उलट २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये बहुतेकांना हप्त्याहप्त्यानं पैसे देऊन आपलं घर आपण बांधू दिलं. नेपाळनं २०१५ नंतर ३ लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले, काम तपासून. दारूत उडवले असते तर पुढचा हप्ता मिळाला असता का?

ओळंबा
मी बांधकामातला माणूस आहे, म्हणून जरा कडक बोलतो. लोकांनी आपापल्या पद्धतीनं बांधलेल्या घरांनीच किल्लारीच्या त्या रात्री माणसं मारली. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, दगडाला मातीचा गारा, वर माळवदाचा, म्हणजे सपाट छताचा, फूट-दोन फूट मातीचा थर. भिंतीचे आतला-बाहेरचा असे दोन पदर, आणि त्यांना सांधणारा आरपार दगड एकही नाही. हादऱ्यानं पदर सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. ६.२ म्हणजे काही जगातला मोठा भूकंप नव्हे, तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आणि गावं उठवली म्हणून गळा काढताय, तर जुन्या जागेवर पाय ठेवणार नाही असं गावकरीच म्हणत होते. ते कसं विसरता?

कोरडवाहू
म्हणत होते, मान्य. घरात मढी असताना माणूस दुसरं काय म्हणेल? तेवढ्या आठवड्यांतल्या भीतीवर पुढच्या तीन पिढ्यांचं गाव आखायचं? आणि आरपार दगडाचं म्हणाल तर तो गवंड्याला शिकवता येतो. किल्लारीच्या त्याच पुनर्वसनाच्या कार्यक्रमात लाखाहून जास्त घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचं काम होतं. तिथं घरमालकांनाच कामात धरलं होतं, आणि गावोगावी बायका संवाद सहायक म्हणून घरोघर समजावत फिरल्या.

सुईदोरा
घरांचं नंतर बघा. आधी ते जुने कपडे पाठवणं बंद करा! कच्छच्या भूकंपात भुजकडे स्वयंसेवक म्हणून होते मी. तंबूंचा ट्रक अडकून पडला होता, कारण पुढे रस्त्यावरच कपड्यांचे ढीग ओतले होते. जरीचे ब्लाउज, शाळेचे टाय, एकेकच मोजा, नाडी नसलेले परकर. ज्यांच्या घरातलं माणूस अजून ढिगाऱ्याखाली होतं ते लोक यातून काय निवडणार होते? कपाट रिकामं करायला भूकंपाची वाट बघू नका.

दिवाबत्ती
ताई, मी घेणाऱ्यांतला आहे. किल्लारीनंतर पाऊस लागला होता आणि आमच्याकडं अंगावरचं सोडून काहीच उरलं नव्हतं. कुणाच्या तरी जुन्या चादरीत माझी धाकटी बहीण जगली. तुम्हाला ढीग दिसला, आम्हाला पांघरूण दिसलं.

सुईदोरा
चादरीला मी नाही म्हटलेलंच नाही. फाटक्या परकराला म्हटलं.

दिवाबत्ती
"कपडे पाठवणं बंद करा" हे तुमचेच शब्द आहेत. वर जाऊन वाचा.

पाणवठा
दोघांनी दमानं घ्या. 'गूंज' ही संस्था हेच काम वर्षानुवर्षं करतेय: कपडा निवडायचा, धुवायचा, सुती कापडाचे पाळीसाठी तुकडे करायचे, मगच पाठवायचा. पाळीच्या कापडाचं तर कुठल्याही मदतफेरीत कुणी नावसुद्धा काढत नाही. ट्रक भरणाऱ्यांत बाई नसते, हे खरं दुखणं आहे.

सुईदोरा
निवडून, धुऊन पाठवणार असाल तर पाठवा. एवढंच मान्य करते, त्यापुढं नाही.

उंबरा
कोरडवाहू, "मालकाला पैसे" हे ऐकायला छान आहे. मालक कोण? माझी आत्या भूकंपात विधवा झाली. घर दिराच्या नावावर, म्हणून मदत दिराच्या खात्यात. तिनं पुढची कित्येक वर्षं त्याच्या पडवीत काढली. एखाद्या संस्थेनं २५० फुटांची खोली तिच्या नावानं बांधून दिली असती तर तिनं वेशीवरच्या पाटीला रोज हात जोडले असते. भाडेकरू, सालगडी, एकटी म्हातारी माणसं यांनी कुठला हप्ता घ्यायचा?

कोरडवाहू
याला माझ्याकडं उत्तर एवढंच की ज्याच्या नावावर काही नाही त्याच्यासाठी संस्थांनी जरूर बांधावं. तिथंच बांधावं. देणगीचा पैसा तिथं, आणि गवंड्यांच्या प्रशिक्षणात, आणि आत्यासारख्यांचे कागद करून देण्यात घालावा. ज्याला स्वतःची जागा आणि हातपाय आहेत त्याच्या घराचा नकाशा मात्र त्याचाच.

ओळंबा
नकाशा त्याचा असू द्या. पण खिडकी-दाराच्या वर काँक्रीटची पट्टी चारही भिंतींवरून सलग फिरलेली दिसल्याशिवाय छताचा हप्ता सोडायचा नाही. कुणी कितीही रडलं, आमदाराचा फोन आला तरी. या अटीवर मी रोख रकमेला हो म्हणतो.

उंबरा
आणि पहिला हप्ता सोडण्याआधी घरात राहणाऱ्या बाईचं नाव कागदावर. तुमची पट्टी त्याच्यानंतर.