सहावी ते आठवीतले उपक्रम ‘थेरं’ आहेत म्हणे

तलावपाळी
आमच्या सोसायटीच्या पालकगटावर एका गृहस्थांनी काल लांबलचक निवेदन टाकलं. सारांश असा: सहावी ते आठवी ही पाया पक्का करायची वर्षं. शाळेनं विद्यार्थी मंत्रिमंडळ, स्नेहसंमेलन, खो-खो ही थेरं बंद करून रोज गणित-विज्ञानाचे जादा तास घ्यावेत. खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर देऊन शेजारच्यांशी वाकडं घ्यायचं नाही, पण गप्प बसवत नाही, म्हणून इथे, या ऑनलाइन धाग्यावर लिहिते.

माझी मुलगी ठाण्यातल्या अनुदानित मराठी शाळेत आठवीत आहे, यंदा मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री. मुलींच्या स्वच्छतागृहात एका दाराची कडी तुटलेली होती. मुली जोडीनं जायच्या, एक आत, दुसरी बाहेरून दार ओढून धरायला. काही जणी शाळा सुटेपर्यंत पाणीच प्यायच्या नाहीत. पालकसभेत हे कधी निघालं नाही, कारण घरी कुणी बोललंच नव्हतं. हिनं वर्गावर्गांतून सह्या घेऊन अर्ज लिहिला. बाईंनी तो परत दिला: कुठलं दार, कधीपासून तुटलंय, ते लिही. दुसरा अर्ज मुख्याध्यापकांकडे गेला आणि त्याच आठवड्यात कडी बसली.

हे कुठल्या जादा तासात शिकवणार आहात? 2020 च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय, सुतार-माळी-कुंभारांकडे जाऊन शिकण्यासाठी. धोरण लिहिणारेही थेरंच करत होते का?

कोपरखैरणेकर
ताई, कडीचं काम चांगलंच झालं. पण त्या गृहस्थांचं सगळंच चूक नाही.

माझे मिस्टर एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, माथाडी आहेत. मुलगा आठवीत असताना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसायचा होता. ही परीक्षा आठवीतच देता येते आणि फक्त सरकारी, महापालिका नि अनुदानित शाळांतल्या मुलांना. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12000 रुपये. ज्यांच्याकडे क्लासचीच फी याच्या कितीतरी पट जाते, त्यांना ही रक्कम दिसणार नाही. आमच्या घरी त्यात वह्या, पुस्तकं, गणवेश, बसचा पास सगळं बसलं असतं.

परीक्षेआधीचे तीन आठवडे तो रोज संमेलनाच्या तालमीला. लेझीम पथकात उंच मुलं पुढे हवीत म्हणून त्याला सोडेनात. मी शाळेत जाऊन विनवलं, तर मला सांगितलं, ‘असं केलं तर मुलगा एकलकोंडा होईल.’ थोडक्या गुणांनी नाव हुकलं. उपक्रम हवेत, पण ते कुणाच्या पोटावर पाय देऊन?

घोडबंदर रोड
दोघींचे मुद्दे पटले, पण खरा रोग वेगळा आहे. आमच्याकडच्या शाळांत हेडबॉय, हेडगर्ल, चार हाउसचे कॅप्टन, उपकॅप्टन. सॅश घालायचा सोहळा, फोटोग्राफर, प्रमुख पाहुणे. त्यानंतर वर्षभर त्या मुलांना काम काय? पाहुण्यांना गुच्छ देणं. असल्या नेतृत्वाला थेरं म्हटलं तर मी अंगठा देईन.

आणि अभ्यासातली पदकं तरी कुठे निराळी? सहावीला होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. पाचवीच्या मे महिन्यापासून क्लास. लेखी आणि प्रात्यक्षिक पार पडलं की प्रकल्पाची फाइल क्लासवालाच देतो. आमच्या इमारतीत दोन मुलांच्या फायलींत पावसाच्या पाण्याचा तोच तक्ता होता, आकड्यांसकट. मूल अकरा वर्षांचं, संशोधन क्लासवाल्याचं, आणि फ्लेक्स सोसायटीच्या गेटवर.

चंचुपात्र
इथे मात्र मी भांडणार. विज्ञान शिकवण्यात हयात गेली माझी. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ सहावी आणि नववीसाठी ही स्पर्धा घेतं ती मुलांनी हातानं काही करावं म्हणून. एवढ्या वयात प्रात्यक्षिक, कृती संशोधन आणि मुलाखत असं सगळं तपासणारी दुसरी परीक्षा दाखवा. दोन पालकांनी लबाडी केली म्हणून स्पर्धेलाच नावं ठेवायची? मग दहावीत कॉपी होते, बंद करा दहावी.

घोडबंदर रोड
सर, आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. दोन पालक नाहीत, हा धंदा आहे. ठाणे स्टेशनपासून कासारवडवलीपर्यंत रिक्षाच्या पाठीवर जाहिराती आहेत. तुम्ही शाळेत होतात, तुम्हाला क्लासची आतली गोष्ट काय माहीत?

चंचुपात्र
मुलं माझ्यासमोर बसून बोलायची, तेवढं पुरेसं असतं. उसनी फाइल मुलाखतीत पाच मिनिटं टिकत नाही.

खाडीकिनारा
सरांना दुजोरा. आम्ही ऐरोलीत राहतो. मुलीचा प्रकल्प ठाणे खाडीच्या पाण्याच्या गढूळपणावर होता. क्लासनं तिलाही तयार तक्ता देऊ केला होता, तो तिनं घेतला नाही. रविवारी सकाळी बापाला उठवून खाडीवर जायची. काचेच्या बरण्या, त्यांवर तारीख-वेळेची चिठ्ठी, आणि बरणीखाली काळी फुली काढलेला कागद. वरून पाहिल्यावर फुली दिसते की नाही, ते वहीत लिहायची. मुलाखतीत पहिला प्रश्न आला: नमुना भरतीचा की ओहोटीचा? तिनं दोन्हींचे वेगळे रकाने दाखवले. बरणी न भरलेल्या मुलाला हा प्रश्न पडतच नाही.

रौप्यपदक मिळालं. पण त्याहून मोठं म्हणजे 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, तेव्हा ती बातमी तिनं आम्हाला समजावून सांगितली.

घोडबंदर रोड
तुमची मुलगी अपवाद आहे, तिचं मनापासून कौतुक. पदक तिला मिळालं ते योग्यच. पण उसन्या फायलीवाल्यांनाही पदकं मिळालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे सरांची पाच मिनिटं मला मान्य नाहीत.

पाटी
होमी भाभाचा वेगळा धागा काढा ना! मूळ प्रश्न नेतृत्वाचा होता.

मी नवी मुंबईत शाळांच्या मुलींना खो-खो शिकवतो. चौदा वर्षांखालच्या संघाला कर्णधार निवडायची होती. शाळेचा आग्रह वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचा. मी मुलींनाच विचारलं. सगळ्यांनी जिचं नाव घेतलं ती चार वाक्यं सलग बोलत नाही. मनपास्तरावरच्या सामन्यात तिनं स्वतःला संरक्षणाच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटी उतरणाऱ्या तुकडीत ठेवलं. एरवी सगळ्यांना पहिल्या तुकडीत जायचं असतं, मिरवायला मिळतं. मी विचारलं, तर म्हणाली, ‘शेवटी त्यांची दमछाक झालेली असेल, पण आपल्यावर दडपण असेल. तेव्हा मी हवी.’ तेरा वर्षांची मुलगी! सामना एका गुणानं हरलो. शाळेच्या फलकावर तिचं नाव लागलं नाही, कारण फलक फक्त जिंकणाऱ्यांचा.

ताई, कोपरखैरणेकर म्हणतात ते खरं आहे. पोरांना ओढून लेझमीत उभं करणं हे काही शिक्षण नव्हे. पण त्यावर उपाय जादा तास नाहीत. संमेलन महिनाभर पुढे ढकला.

तलावपाळी
एनएमएमएसचा मुद्दा मला मान्य करावा लागतोय. परीक्षेच्या आधी तालीम नको, कुणालाच नको. पण म्हणून त्या निवेदनाखाली अंगठा देणार नाही. त्यात लेझीम आणि मंत्रिमंडळ एकाच दावणीला बांधलंय.

कोपरखैरणेकर
नका देऊ. पण आमच्यासारख्यांना शाळेनं आधी विचारावं, एवढं तरी तुमच्या पालकसभेत मांडाल का? आमच्याकडे मांडून झालं. ‘लेखी द्या’ म्हणाले. दिलं, पोच मिळाली नाही.

तलावपाळी
शुक्रवारी सभा आहे, मांडते. आणि पोच मिळाल्याशिवाय टेबलावरून हलू नका. अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर शिक्का मागायचा, हे आमच्या आरोग्यमंत्र्यांनी मला शिकवलंय.

घोडबंदर रोड
सर, तो पावसाच्या पाण्याचा तक्ता मी शोधून टाकतो. बघा आणि सांगा.

चंचुपात्र
टाका. नावं झाकून टाका, मुलं लहान आहेत.